हद्दीचा दगड

द्वितीय वर्ष कला

गेल्या वर्षी जुलैमध्ये तत्त्वज्ञानाच्या पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर एक प्रश्न लिहिला, 'सत्य म्हणजे काय?' बाहेर पावसाची झड लागली होती. वर्गाच्या खिडकीतून एरवी दिसणारा माहुलीचा डोंगर सकाळपासून ढगांत बुडालेला होता. आम्ही सारे गप्प. शेवटी सरांनीच सांगितले, की विधान वस्तुस्थितीशी जुळले तर ते सत्य आणि न जुळले तर असत्य. हे मत ग्रीक तत्त्ववेत्त्यांपासून चालत आलेले आहे. मी ते वहीत उतरवून घेतले आणि खाली दोन रेघा मारल्या. मला ते उत्तर फार पटले. ते गणितासारखे स्वच्छ होते.

पुढे चारच महिन्यांनी याच व्याख्येचा आधार घेऊन मी एका म्हाताऱ्या बाईला फसवले. माझे विधान वस्तुस्थितीशी तंतोतंत जुळत होते. तरीही मी खोटा होतो. हे कोडे मला सरांच्या व्याख्येने सुटले नाही. ते सुटले ते माझ्या मावशीच्या नवऱ्यामुळे, म्हणजे काकांमुळे. ते दुसरी नापास आहेत आणि ख्रिस्ती आहेत. ती हकीकत येथे सांगतो.

आमचे गाव शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या पलीकडे. घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. बाबा चौथी शिकलेले, आई शाळेत गेलीच नाही. त्यामुळे घरात कागद आला की तो माझ्या हातात येतो. विजेचे बिल, सोसायटीची नोटीस, रेशनचा फॉर्म, सारे मीच वाचतो. शेजारीपाजारीही कागद घेऊन ओटीवर येतात. मी वाचून सांगितले की ते मान हलवतात आणि निर्धास्त होऊन जातात. खरे सांगायचे तर हा मान मला फार आवडत असे.

मावशी मुरबाड तालुक्यात दिलेली, सरळगावच्या बाजूला. बाबा आणि काका साडू-साडू असले तरी सख्ख्या भावांसारखे राहिले. आमच्या लावणीला काका यायचे, त्यांच्या झोडणीला बाबा जायचे. दोघांची बसण्याची जागाही एकच होती, हे आई आजही कडवटपणे सांगते. सहा-सात वर्षांपूर्वी मावशी कोणाच्या तरी घरी रविवारच्या प्रार्थनेला जाऊ लागली. मग काका जाऊ लागले. त्यांची दारू सुटली. गावात लोक त्यांना 'आलेलुयावाले' म्हणू लागले. आमचे आजोबा माळकरी होते, बाबांच्याही गळ्यात तुळशीची माळ आहे. बाबा म्हणाले, "दारू सोडायला देव कशाला सोडायचा?" तेव्हापासून येणेजाणे कमी झाले. लग्नाकार्यात भेट व्हायची तेवढीच.

काका काही साधू झाले नव्हते. त्यांना राग येई. मावशीशी भांडणही होई. पण त्यांच्यात एक बदल झाला होता आणि तो मी म्हशाच्या जत्रेत पाहिला. मुरबाड तालुक्यातल्या या जत्रेत पौष पौर्णिमेला बैलांचा मोठा बाजार भरतो. मागच्या वर्षीच्या आदल्या पौषात काका एक बैल विकायला आले होते. बाबा आणि मीही गेलो होतो. व्यापाऱ्याने रुमालाखाली काकांची बोटे दाबून भाव सांगितला. भाव चांगला होता. सौदा ठरला असे वाटत असतानाच काका म्हणाले, "एक सांगायचं राहिलं. हा चिखलात बसतो." व्यापारी हसला आणि त्याने रुमालाखाली पुन्हा बोटे दाबली. भाव बराच खाली आला. काकांनी तेवढ्यात बैल दिला.

परत येताना एसटीत बाबा म्हणाले, "याला कुणी विचारलं होतं? व्यापाऱ्याचे डोळे होते ना?" मलाही ते पटले. न विचारलेले न सांगणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे, असे मी तेव्हा मनाशी म्हटले.

मग या कार्तिकात, भात घरात आल्यावर, एका संध्याकाळी काका अचानक आमच्या घरी आले. हातात पिशवी नाही, मावशी बरोबर नाही. आईने पाणी दिले, ते तसेच ठेवून ते बाबांना म्हणाले, "भाऊ, त्या दगडाचं बोलायला आलोय."

बाबांचा चेहरा उतरला. मला काहीच कळले नाही. मग काकांनी जे सांगितले ते मी आयुष्यात प्रथमच ऐकले.

आमच्या खालच्या खाचराला लागून ठाकूरवाडीतल्या एका विधवा म्हातारीचे खाचर आहे. मी दहा महिन्यांचा असताना, वैशाखात राब भाजून झाल्यावर, एका रात्री बाबा आणि काकांनी मिळून दोघांच्या हद्दीवरचा दगड उचलला आणि अडीच हात तिच्या बाजूला नेऊन पुरला. पाऊस पडायच्या आत जुना बांध मोडून नव्या रेषेत नवा बांध घातला. लांबी साठ-सत्तर पावले. म्हातारीचा मुलगा तेव्हा वीटभट्टीवर गेलेला होता. तो परत आला तेव्हा नव्या बांधावर गवत उगवले होते.

काकांच्या प्रार्थनेत त्या महिन्यात बायबलमधला अनुवाद नावाचा ग्रंथ वाचत होते. त्याच्या २७व्या अध्यायात एक प्रसंग आहे. इस्राएल लोक नव्या देशात शेतीवाडी करायला जाणार असतात. त्यांनी तिथे गेल्यावर काय करायचे ते मोशे सांगतो. लेवी याजकांनी मोठ्याने एकेक शाप वाचायचा, आणि प्रत्येक शापानंतर सगळ्या लोकांनी 'आमेन' म्हणायचे. लपून केलेल्या पापांची ती यादी आहे. त्यात शेजाऱ्याची हद्द सरकवणाऱ्यालाही शाप आहे.

काका म्हणाले, "वाचणारा थांबला. सगळे आमेन म्हणाले. माझ्या तोंडातून शब्द निघंना. तीन रविवार गेलोच नाय. घरी बसलो तरी तोच दगड समोर. भाऊ, आपण दोघं जाऊ आन् म्हातारीला सांगू."

बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू देव बदललास, मी काय बोललो नाय. आता माझी जमीन पण बदलायला आलास?"

काका उठले आणि एकटेच ठाकूरवाडीकडे गेले. आईने मला खुणेने त्यांच्या मागे पाठवले. वाडीत दिवेलागण झाली होती. म्हातारी दारात बसून वाल निवडत होती. काकांनी उभ्याउभ्याच सगळे सांगितले. ती निवडतच राहिली. सांगून झाल्यावर तिने सूप खाली ठेवले आणि म्हणाली, "मला ठाव होतं. त्या टायमालाच ठाव होतं. जुन्या दगडाखालची जागा वेगळी दिसते. पण कुणाला सांगू? माझा पोरगा तुमच्याच लावणीला येतो."

त्या क्षणी मला लाज वाटली नाही. भीती वाटली, हे येथे लिहिणे भाग आहे. समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून गेला आणि त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला, तेव्हापासून आमच्याकडे जमिनीबद्दल बोलताना माणसे भाताचे उत्पन्न सांगत नाहीत, गुंठ्याचा भाव सांगतात. अडीच हात रुंद आणि साठ-सत्तर पावले लांब म्हणजे जेमतेम अर्धा गुंठा. पण अर्धा गुंठाही आता कोणी सोडत नाही. शिवाय माझे पुढचे शिक्षण, बहिणीचे लग्न, हे सगळे त्या खाचराकडे पाहूनच घरात बोलले जाते.

आठ दिवसांनी म्हातारी आमच्या ओटीवर आली. बाबा घरी नव्हते. तिने कमरेच्या पिशवीतून घडी पडलेला सातबाऱ्याचा उतारा काढला आणि माझ्यापुढे धरला. "पोरा, तू शिकतोस. यात बांध कुठं हाये ते वाचून सांग."

मी उतारा वाचला. मग म्हणालो, "आजी, सातबाऱ्यावर नुसतं क्षेत्र असतं. बांध कुठं आहे ते यात लिहिलेलं नसतं."

हे वाक्य शंभर टक्के खरे आहे. सातबाऱ्यावर खातेदाराचे नाव असते, क्षेत्र असते, पिकाची नोंद असते. हद्द कुठून जाते हे पाहायचे तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी लागते. हे मला माहीत होते. पण तिने विचारले नाही म्हणून मोजणीचे मी सांगितले नाही. काकांनी सांगितलेले मी माझ्या कानांनी ऐकले होते, तेही बोललो नाही. तिने उतारा घडी करून पिशवीत ठेवला. "तू वाचलंस म्हंजे तसंच असंल," म्हणाली आणि गेली.

ती पायवाटेने दिसेनाशी होईपर्यंत मी ओटीवर उभा होतो. फळ्यावरची व्याख्या आठवली. विधान वस्तुस्थितीशी जुळले होते. मग माझ्या छातीत हे काय अडकले होते?

त्यानंतर मी ग्रंथालयात बसू लागलो. परीक्षेचे वाचन बाजूला राहिले. 'सुबोध बायबल' हा जाड ग्रंथ मी तिथेच प्रथम हातात घेतला. २०१० साली निघालेला हा अनुवाद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचा आहे. ते वसईचे. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत वसई आमच्याच ठाणे जिल्ह्यात होती. २०२० साली उस्मानाबादला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते आणि २०२४ साली त्यांचे निधन झाले. बायबल म्हणजे परक्यांचे पुस्तक अशी माझी समजूत होती. पण फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोमंतकात छापले गेले, म्हणजे ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत आली त्याला चारशेहून अधिक वर्षे झाली, हे कळल्यावर मला माझ्या अज्ञानाचे आश्चर्य वाटले.

मी सरांना विचारले, की 'आमेन' याचा अर्थ काय? माझ्या काकांच्या तोंडातून तो शब्द निघेना म्हणून एवढे सगळे घडले. सरांनी सांगितले ते असे. हा हिब्रू शब्द आहे. सत्याला हिब्रूत 'एमेत' म्हणतात, आणि 'एमेत' व 'आमेन' हे एकाच धातूपासून आलेले आहेत. त्या धातूचा अर्थ पक्के असणे, भरवशाचे असणे. नव्या कराराची भाषा ग्रीक आहे. तिथे सत्याला 'अलेथेया' हा शब्द येतो आणि त्याची फोड 'झाकलेले नाही ते' अशी करतात.

मी त्या दिवशी एसटीत उभ्याने प्रवास केला, पण शहापूर कधी मागे पडले ते कळले नाही. म्हणजे बायबलच्या माणसाला सत्य म्हटल्यावर आधी वाक्य आठवत नाही. ज्यावर भार टाकता येतो, जे ठेवले तिथेच राहते, ते त्याला आठवते. हद्दीच्या दगडासारखे! म्हातारीने माझ्यावर भार टाकला होता. मी जागेवर राहिलो नाही. आणि दुसऱ्या शब्दाने पाहिले तरी मी सुटत नव्हतो. माझे वाक्य खरे होते, पण मी ते झाकण म्हणून वापरले होते.

मग मी योहानाचे शुभवर्तमान वाचले. त्यात एका ठिकाणी येशू म्हणतो, की तो स्वतःच सत्य आहे. हे मला आधी चमत्कारिक वाटले. माणूस सत्य कसा असेल? विधान सत्य असते. पण पुढे पिलाताचा प्रसंग आला. येशूला पकडून रोमन सुभेदार पिलातापुढे उभे केले आहे. सत्याची साक्ष द्यायला आपण आलो, असे येशू म्हणतो. त्यावर पिलात विचारतो, की सत्य म्हणजे काय? आमच्या सरांनी फळ्यावर लिहिलेला तोच प्रश्न. पण उत्तराची वाट न पाहता तो बाहेर निघून जातो.

बाहेर जाऊन तो काय करतो? या माणसात मला काही दोष दिसत नाही, असे तो लोकांना सांगतो. एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा त्याचे विधान वस्तुस्थितीशी जुळते. आणि तरीही तो त्या निर्दोष माणसाला वधस्तंभावर खिळायला देऊन टाकतो. पिलात एकही वाक्य खोटे बोललेला नाही! त्याच रात्री येशूचा शिष्य पेत्र मात्र चक्क खोटे बोलतो. या माणसाला मी ओळखत नाही म्हणतो. पण इतर शुभवर्तमानांत लिहिले आहे, की कोंबडा आरवल्यावर पेत्र बाहेर जाऊन रडला. पिलात रडला असे कोठेही लिहिलेले नाही. ज्याची वाक्ये खरी असतात त्याला रडायचे कारण सापडत नसावे.

मी पेत्राच्या नाही, पिलाताच्या बाजूचा होतो.

ख्रिस्ती श्रद्धेत सत्य केवळ म्हणायचे नसते, ते करायचे असते, असे मला यातून वाटू लागले. योहानाच्याच शब्दांत सत्य करण्याची, सत्याने चालण्याची भाषा पुन्हा पुन्हा येते. लूकच्या शुभवर्तमानात जक्कय नावाचा जकातदार आहे. येशू त्याच्या घरी उतरतो. जक्कय उभा राहून सांगतो, की आपली निम्मी मालमत्ता गरिबांना देऊ, आणि कोणाला लुबाडले असेल त्याला चौपट परत करू. त्या घराला आज तारण मिळाले, असे येशू त्यानंतर म्हणतो. मी वहीत हिशेब मांडला. अर्ध्या गुंठ्यात वर्षाला पंधरा किलो भात धरले, तर एकोणीस हंगामांचे दोनशे पंच्याऐंशी किलो होते. त्याच्या चौपट म्हणजे अकराशे चाळीस. तो आकडा पाहून माझ्या लक्षात आले, की या भातावरच मी वाढलो.

मराठीत ही वाट चाललेली माणसे होऊन गेली आहेत. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यापायी घर मोडले, पत्नी सुमारे पाच वर्षे दूर राहिली. लक्ष्मीबाईंनी नवऱ्यासाठी म्हणून झटकन धर्म बदलला नाही. त्यांना पटले नव्हते आणि पटले असे त्यांनी खोटे सांगितले नाही. त्यांच्या मनातली जात आधी गळून पडली, कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा त्यांनी स्वतःशी निश्चय केला, आणि मग १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' मी तीन रात्रींत वाचली. १९३४ पासून भागाभागाने निघालेल्या या पुस्तकात लक्ष्मीबाई स्वतःचा राग, हट्ट, फजिती काहीच झाकून ठेवत नाहीत. वाचताना हसू येते आणि मग आपण स्वतःविषयी एवढे सांगू शकू का, या विचाराने हसू थांबते.

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण न पटलेले मत केवळ वडीलधाऱ्या धर्मगुरूंनी सांगितले म्हणून स्वीकारायला त्यांनी नकार दिला आणि पत्रांतून त्यांच्याशी वाद घातला. पुढे दुष्काळातल्या मुलींना त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आसरा दिला. हिब्रू आणि ग्रीक शिकून सोप्या मराठीत बायबल आणण्याचे काम त्यांनी मरेपर्यंत केले. १९२२ साली त्या वारल्या आणि १९२४ साली ते बायबल प्रसिद्ध झाले. एका अडाणी बाईला कळावे म्हणून त्यांनी म्हातारपणापर्यंत परक्या लिपी गिरवल्या. मला मराठी वाचता येत होते, आणि एका अडाणी बाईला कळू नये म्हणून मी ते वापरले.

हे वाचून कोणी म्हणेल, की हा मुलगा ख्रिस्ती झाला. तसे नाही. बाबांनाही तीच शंका आली होती. संक्रांतीच्या आदल्या रात्री जेवताना मी विषय काढला. त्यांनी ताटावरून मान वर केली आणि विचारले, "तुला पण त्यानं पाणी मारलं का?"

मी म्हणालो, "बाबा, तुकोबांनी लोकांची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, ती काय ख्रिस्ती होऊन?"

आईचा हात भाकरीवर तसाच थांबला. आमच्या घरात तुकोबांची ही कथा आजोबांपासून सांगितली जाते. दुष्काळानंतर तुकोबांनी वडिलांच्या सावकारीचे कागद काढले. भावाच्या वाट्याचे भावाला दिले आणि आपल्या वाट्याचे नदीत सोडले. बाबांनीच मला ती लहानपणी सांगितली होती. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत असत. मला वाटते, त्या पुलावरून दोन्ही बाजूंनी जाता येते. काकांच्या आमेनपासून निघून मी बाबांच्या तुळशीमाळेपाशी येऊन पोचलो होतो.

बाबा जेवण टाकून उठले नाहीत. पण त्यानंतर आठ-दहा दिवस माझ्याशी बोललेही नाहीत.

त्या दिवसांत मी एक काम केले. एका रविवारी सकाळी मी ठाकूरवाडीत गेलो. म्हातारी शेकत बसली होती. मी म्हणालो, "आजी, तुमचा कागद मी खरा वाचला, पण मी खोटा वागलो. हद्द सातबाऱ्यावर नसते. ती मोजणीत निघते. तुम्हाला मोजणीचा अर्ज करता येतो. अर्ज मी लिहून देतो. आणि काका बोलले ते मी ऐकलेलं आहे. कोणी विचारलं तर मी सांगेन."

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मला वाटले, ती शिव्या देईल किंवा डोक्यावरून हात फिरवील. तिने यातले काहीच केले नाही. म्हणाली, "तुज्या बापाला ठाव हाये का, तू आलास ते?" मी नाही म्हणालो. "मग आधी त्याला सांग. मला त्याच्या मागं काय नको. एवढी वर्सं थांबली, अजून थांबंन."

मी घरी येऊन बाबांना सांगितले. ते दाव्याला पीळ घालत होते. हात थांबले नाहीत. मी पुन्हा सांगितले, की अर्ज लिहून द्यायचे मी तिला कबूल केले आहे आणि ते तुमच्यापासून लपवणार नाही. तरी ते बोलले नाहीत. ओटीवर बाबांपुढे उभे राहून हे बोलताना माझे पाय कापत होते. व्याख्या पाठ करताना पाय कापत नाहीत.

माघ सरला. राबासाठी पालापाचोळा गोळा करायचे दिवस आले. एका सकाळी मी एसटीसाठी निघालो असता बाबा खालच्या खाचरात उभे दिसले. बांधाच्या टोकाशी, त्या दगडापाशी. मी थांबलो. त्यांनी पायाने दगडाभोवतीची माती थोडी उकरली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "जड हाये. एकट्याच्यानं हलायचा नाय. तवा पण दोघं होतो."

मी विचारले, "काकांना फोन करू?"

ते काही बोलले नाहीत. नाही मात्र म्हणाले नाहीत.

वार्षिक अंकाचे साहित्य देण्याची उद्या शेवटची तारीख आहे. हे लिहीत असताना दगड अजून त्याच जागी आहे, म्हणजे जिथे नको तिथे. मी काकांना फोन केला आहे. राब भाजून झाला की येतो, असे ते म्हणाले. फोन ठेवताना त्यांनी प्रार्थनेच्या शेवटी म्हणतात तसे काहीतरी पुटपुटले. तो शब्द मला ओळखू आला.